छाटणी कात्रीचं चामडी म्यान आणि पहिल्यांदा हातात धरलेला एअरब्रश : कामाच्या नोंदी

मामांची तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीला ते स्वतः कात्री घेऊन गड्यांबरोबर उतरतात आणि कात्री ठेवतात लेंग्याच्या खिशात. गेल्या वर्षी खिसा फाटला, कात्री पायावर पडली आणि अंगठ्याजवळ तीन टाके पडले. पुढच्या छाटणीआधी कमरेच्या पट्ट्यात अडकवायचं म्यान शिवून द्यायचं, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

चामड्याचे पट्टे आणि पाकिटं मी चार वर्षं शिवते आहे. रंग मात्र आजवर कापडाच्या बोळ्यानेच दिला. म्हशीचं चामडं बोळ्याचा रंग कुठे जास्त पितं, कुठे कमी, मग ढगाळ दिसतं. कडा गडद आणि मधला भाग फिकट अशी हळूहळू उतरणारी छटा मला हवी होती. म्हणून एअरब्रश घेतला, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारं हत्यार. कोणी हेच करायला बसलं, तर माझे गेलेले दिवस त्याचे जाऊ नयेत म्हणून या नोंदी.

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार

साचा. कात्री मिटून २१ सेंमी लांब. कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, दीड सेंमी शिलाईला सोडलं, कागद दुमडून पाहिला, छान बसला. मग जुन्या चपलेच्या जाड तळाचा तुकडा तसाच कापून पाहिला, तर कात्री अर्ध्यातच अडकली. कागदाला जाडी नसते, तीन मिलिमीटरच्या चामड्याला असते, आणि घडीवर ती दुप्पट खाते. दुसरा साचा प्रत्येक बाजूला ८ मिमी वाढवून काढला.

मापं घेण्याआधी मामांना फोन केला होता. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहून ठेवलंय: “पोरी, छाटताना मान वर असती आमची. खाली बघाय येळ नसतोय. हात घातला की निघाली पायजे, सोडली की बसली पायजे.” वाय मांडवाखाली, म्हणजे द्राक्षवेल चढवलेल्या इंग्रजी Y आकाराच्या मांडवाखाली, काम करताना दोन्ही हात डोक्याच्या वर असतात, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून म्यानाचं तोंड रुंद आणि बाहेरच्या बाजूला थोडं कललेलं ठेवलं. मुठीचा सात सेंमी भाग वर राहतो, म्हणजे हातमोजा घालूनही पकड मिळते.

गेलेला वेळ तीन तास. त्यातला एक पहिल्या साच्यात फुकट गेला.

१७ ऑगस्ट, रविवार

चामडं कोल्हापूरहून आणलंय. म्हशीचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, म्हणजे चपलांना वापरतात त्याच जातीचं. जाडी तीन ते साडेतीन मिमी, १९० रुपये चौरस फूट, चार फूट घेतलं. क्रोममध्ये कमावलेलं चामडं या कामाला चालत नाही. ते ओलं करून घडवलं तरी आकार धरत नाही आणि कडाही घोटल्या जात नाहीत.

तुकडा पाठीकडच्या भागातून कापला. पोटाकडचं चामडं मऊ आणि ताणणारं असतं. कमरेचा पट्टा ओवायचा घेर तिथून काढला तर महिन्याभरात लोंबायला लागतो. रापीला, म्हणजे चामडं कापायच्या सुरीला, आधी धार लावून घेतली. बोथट रापीने वळणावर चामडं कापलं जात नाही, ढकललं जातं.

उरलेले सगळे तुकडे एका पिशवीत घालून वर तारीख लिहिली. एकही फेकू नका. रंगाची चाचणी त्याच कातड्याच्या तुकड्यावर झाली तरच तिला अर्थ आहे. मी एकदा दुसऱ्या कातड्याच्या तुकड्यावर छटा जुळवली होती, प्रत्यक्ष पट्टा दोन छटा गडद निघाला.

२३ ऑगस्ट, शनिवार

शिलाई. दोन थरांच्या मध्ये चामड्याची एक पट्टी घातली. ही पट्टी नसेल तर कात्रीचं पातं आत जाताना दर वेळी दोऱ्याला घासतं आणि एक दिवस शिलाई उसवते. आधी सोल्युशनने, म्हणजे रबराच्या चिकट द्रावणाने, तिन्ही थर चिकटवले, मग ४ मिमी अंतरावर ४६ भोकं आरीने पाडली आणि दोन सुयांनी मेण लावलेला दोरा ओढला. तिन्ही थर मिळून जवळपास एक सेंमी होतात. आरी सरळ गेली नाही तर मागच्या बाजूची शिलाई वाकडी दिसते. माझी शेवटची सात भोकं वाकडी गेली आहेत, पण ती मागे आहेत आणि मजबुतीला धक्का नाही, म्हणून राहू दिली.

पट्ट्याचा घेर पितळी रिव्हेटने बसवला. लोखंडी रिव्हेट या चामड्याला लावायचे नाहीत. का, ते २५ ऑगस्टच्या नोंदीत.

चिकटवताना दोन ठिकाणी सोल्युशन बाहेर आलं, ते बोटाने पुसलं. त्या वेळी चामड्यावर काहीही दिसलं नाही. याची किंमत २० सप्टेंबरला मोजली.

वेळ पाच तास.

२४ ऑगस्ट, रविवार

ओलं करून घडवण्याचा दिवस. म्यान कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवलं, बाहेर काढून तासभर तसंच राहू दिलं. कात्री दोन पदरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत सारली आणि लाकडी घोटणीने बाहेरून पात्यांचा, स्प्रिंगचा, मुठीच्या वळणाचा आकार उठवत गेले. ओलं चामडं या वेळी मऊ मातीसारखं वागतं. अंगठ्याचं नखसुद्धा कायमचं उमटतं. नखं आधी कापून घ्या.

काम मनासारखं झालं. रात्री पंख्याखाली वाळत ठेवलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी पुढच्या अंगावर बारा-तेरा काळे ठिपके. मोहरीएवढे, काही त्याहून लहान, कडांना निळसर.

कात्री तर प्लास्टिकमध्ये होती. मग आठवलं, शनिवारी रात्री त्याच टेबलावर मी कानसीने कात्रीला धार लावली होती. टेबल पुसलं होतं, पण लोखंडाचा कीस लाकडाच्या फटींत राहिला आणि ओल्या चामड्याला चिकटला. बाभूळ-हिरड्यातलं टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून पूर्वी शाई करायचे, तीच ही क्रिया. माझ्या म्यानावर रात्रभर शाई तयार होत होती.

वरून गडद रंग देणारच होते, तर हे डाग झाकले जातील असं एक मन म्हणत होतं. पण ठिपके नेमके मधल्या भागात होते, जिथे मला फिकट छटा हवी होती.

उपाय लिंबाचा. अर्ध्या लिंबाचा रस, तेवढंच पाणी. डाग न पडलेल्या तुकड्यावर आधी लावून पाहिलं की चामड्याचा रंग किती उतरतो. थोडा उजळतो, म्हणून फक्त ठिपक्यांवर न लावता संपूर्ण पुढच्या अंगावर स्पंजने लावलं. मग ठिपक्याकडे बघत बसले. आधी निळी कडा विरली, मग मधला काळा करडा झाला, मग चहासारखा, आणि चार-पाच मिनिटांत चामड्यातच मिसळून गेला. दोन हट्टी ठिपक्यांना दुसरा हात लागला. त्यांत किसाचा कण अजून रुतलेला होता; तो सुईने उचलून काढल्यावर डाग गेला. शेवटी स्वच्छ पाण्याच्या स्पंजने दोनदा पुसून घेतलं, आम्ल आत राहून चामडं कडक होऊ नये म्हणून.

हे लगेच केलं म्हणून जमलं. आता चामड्याचं टेबल आणि धार लावायची जागा वेगळ्या खोल्यांत आहेत.

मध्ये गणपती. ६ सप्टेंबरच्या विसर्जनापर्यंत कामाला हात लावला नाही.

७ सप्टेंबर, रविवार

एअरब्रश आला. ड्युअल ॲक्शन, वर कप असलेला, ०.३ मिमी नोझल, सोबत टाकी नसलेला छोटा कॉम्प्रेसर. दोन्ही मिळून ५,२०० रुपये.

आज रंग नाही, फक्त पाणी आणि जुनी वर्तमानपत्रं. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. क्रम महत्त्वाचा: आधी हवा, मग हात चालू करायचा, मग रंग, थांबताना आधी रंग बंद, मग हात, सगळ्यात शेवटी हवा. हात थांबलेला असताना रंग सुटला तर तिथे ठिपका पडणारच. पहिला तासभर माझ्या फवाऱ्याचा प्रत्येक पट्टा दोन्ही टोकांना डंबेलसारखा फुगत होता. दुसऱ्या तासात निम्मे पट्टे बरे येऊ लागले. पट्टा चामड्याच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा, हे कळलं तेव्हा हात सुधारला.

१३ सप्टेंबर, शनिवार

तुकड्यांवर खरा रंग. स्पिरिटमध्ये विरघळणारे चामड्याचे रंग घेतले, एक मधासारखा तपकिरी, एक गडद तपकिरी. ११८ मिलीच्या दोन बाटल्या, प्रत्येकी १,१५० रुपये. पातळ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए म्हणून मिळतं, अर्धा लिटर २८० रुपये.

आधी खबरदारी. हा फवारा हवेत जळू शकतो आणि छातीतही जातो. खिडक्या उघड्या, स्वयंपाकघराचं दार बंद, गॅस बंद. मामांकडचा औषध फवारणीचा मास्क आणला, त्यात सेंद्रिय वाफेचे नवे कार्ट्रिज घातले, ६०० रुपये. धुळीचा साधा पांढरा मास्क स्पिरिटच्या वाफेला उपयोगाचा नाही. हातमोजे हवेतच, एका बोटाला लागलेला रंग पाच दिवस राहिला.

तुकडा १: रंग न पातळ करता, ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), पाच सेंमीवरून. रंगाचा थेंब चामड्यावर पडला आणि हवेने त्याला सगळीकडे पळवलं, कोळ्याच्या पायांसारख्या रेघा. जवळ धरलं होतं आणि दाब जास्त होता.

तुकडा २: निम्मं निम्मं पातळ, ३० पीएसआय, १५ सेंमी. रेघा गेल्या, पण पृष्ठभाग खरखरीत आणि भुकटीसारखा झाला. स्पिरिट वाटेतच उडून जात होतं आणि रंग कोरडा होऊन पोचत होता. बोट फिरवलं तर निघून आला.

तुकडा ३: निम्मं निम्मं, १८ पीएसआय, १० सेंमी. इथे बसला. फवारा पडतो तेव्हा चामडं क्षणभर ओलसर चमकतं आणि दोन-तीन सेकंदांत मंद होतं. ती चमक दिसली की अंतर बरोबर. चमक टिकून राहिली तर ओलं होतंय, दिसलीच नाही तर कोरडं पडतंय. दाबाच्या काट्यापेक्षा मी आता या चमकेवरच भरवसा ठेवते.

तुकडा ४: मधला भाग फिकट ठेवायला कागदी चिकटपट्टी लावून फवारलं. पट्टी काढली तर रंग तिच्याखाली दोन-तीन मिमी झिरपलेला, वाकड्यातिकड्या कडेने. पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर पट्टीची रेघ धारदार येते. चामडं मात्र रंग आतून ओढून घेतं. शिवाय एका कोपऱ्याला पट्टीबरोबर चामड्याचे तंतू उपटून आले. चिकटपट्टीचा विचार सोडून दिला.

सफाई करताना सुई हातातून निसटली आणि टोक फरशीवर आपटलं. डोळ्यांना काही दिसेना, पण नखावरून ओढली की खरवडते. त्यानंतर फवारा डावीकडेच जात होता. काचेवर लोळवून टोक सरळ करायचा प्रयत्न केला, थोडा सुधारला, पुरेसा नाही. नवी सुई ३५० रुपये. सुई बाहेर काढायची ती खाली जाड टॉवेल अंथरूनच.

१४ सप्टेंबर, रविवार

आज काहीच फवारलं नाही, पण आजचा शोध सगळ्यात महत्त्वाचा.

तुकडा ३ पूर्ण वाळल्यावर त्यावर कात्रीचं टोक हलकेच ओढलं. पांढुरकी रेघ उमटली. रापीने आडवा छेद घेतला, तर रंग वरवर, कागदाच्या जाडीएवढाही नाही. बोळ्याने रंगवलेल्या जुन्या पट्ट्याचा छेद घेतला, तिथे रंग पाऊण मिमी आत.

फवाऱ्याने एका वेळी इतका थोडा रंग पडतो की आत जायला काही उरतच नाही. शोभेच्या वस्तूला हे चालेल. ज्यात दिवसातून हजार वेळा लोखंडाची कात्री आत-बाहेर होणार, त्याला नाही. दोन दिवसांत म्यानाचं तोंड पांढरं पडलं असतं.

म्हणून बेत बदलला. खालचा रंग बोळ्यानेच, मधासारखा तपकिरी, भरपूर, आत मुरेल असा. एअरब्रश फक्त वरच्या गडद छटेसाठी. वरचा थर खरचटला तरी खालून तपकिरीच दिसेल. छटेसाठी एअरब्रश आणि रंगासाठी बोळा, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर गडद रंगाची मोठी बाटली घेतलीच नसती. संपूर्ण कामात ती पंचवीस मिलीही लागली नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

खालचा रंग. चामडं आधी स्पंजने एकसारखं दमट केलं, म्हणजे कोरड्या जागा अधाशासारखा रंग पीत नाहीत. मधाळ तपकिरी निम्मा पातळ करून सुती बोळ्याने गोल गोल फिरवला. पहिला हात आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा गोल. ढगाळपणा बराच कमी झाला.

आणि मग शिलाईच्या कडेला दोन फिकट डाग. एक बोटाच्या पेराएवढा, त्यात माझ्या बोटाच्या रेषा अगदी स्पष्ट. ते २३ ऑगस्टला पुसलेलं सोल्युशन. रबराचा पातळ पापुद्रा चामड्यावर बसलेला असतो, त्यावर रंग चढत नाही. कितीही हात दिले तरी डाग तसाच.

क्रेप रबराचा तुकडा कोरडा घासून पापुद्रा गोळा केला; खोडरबराच्या किसासारखा वळून येतो. उरलेला ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने. जास्त घासलं की चामड्याची वरची गुळगुळीत साल जाते आणि तिथे रंग दुप्पट गडद चढतो. एका जागी तसं झालंच. ती जागा शिलाईजवळ आहे आणि तिथे गडद छटा येणार आहे, म्हणून निभावलं. हे दोन डाग काढायला दीड तास गेला. ओलं सोल्युशन बोटाने पुसायचं नाही, वाळू द्यायचं आणि मग रबराने उचलायचं, एवढंच पाळलं असतं तर तो वाचला असता.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. नैवेद्य उरकून दुपारी तीनला फवारणी सुरू. बाहेर सकाळपासून पाऊस.

पहिली वीस मिनिटं सुरेख गेली. म्यान एका बाटलीवर उलटं खोचलं, म्हणजे हात न लावता फिरवता येतं. गडद तपकिरी एकाला तीन पातळ केला, कडेवर एक फेरी, दोन मिनिटं थांबायचं, दुसरी फेरी. पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच फरक दिसत नाही आणि हात ट्रिगर जास्त ओढायला बघतो. ओढू द्यायचा नाही. चौथ्या फेरीनंतर कड हळूच खोल जायला लागली, जणू म्यानाला आतून गोलाई आली. पात्याचा घडवलेला उठाव आता खरोखर उठून दिसत होता.

पाचव्या फेरीत एअरब्रश थुंकला. फट्कन, आणि चार थेंब थेट पुढच्या अंगावर. रंग नव्हता, पाणी होतं, रंगात मिसळलेलं. प्रत्येक थेंबाभोवती गडद कडा.

कॉम्प्रेसरला पाणी पकडणारी बाटली आहे, पण ती कॉम्प्रेसरच्या तोंडाशी. तिथे हवा गरम असते. पावसाळी हवेतली वाफ पुढे नळीत गार होते आणि पाणी नळीतच धरतं. बाटली कोरडी आणि नळी ओली. १३ तारखेला ऊन होतं म्हणून हे कळलं नव्हतं.

थेंबांवर आणखी रंग मारून झाकायचा मोह आवरला. स्पिरिटचा रंग स्पिरिटने पुन्हा सुटतो. स्वच्छ कापडाला आयपीए लावून, जवळजवळ कोरडं पिळून, थेंबांपासून कडेपर्यंत लांब हात फिरवले. नुसता थेंब पुसला तर त्या जागी फिकट चट्टा राहतो. पूर्ण पट्टाच मोकळा करून पुन्हा पसरवावा लागतो. गोल कडा विरघळल्या. त्याबरोबर माझ्या चार फेऱ्याही गेल्या.

काम थांबवलं. मुठीजवळ लावायचा छोटा फिल्टर मागवला, ३०० रुपये.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. घरात नऊ रात्री अखंड दिवा. उघडी ज्योत आणि स्पिरिटचा फवारा एका छपराखाली नको. सासूबाईंनी विचारलं, गच्चीवर नाही का जमणार? गच्चीवर पत्रा नाही आणि पाऊस थांबत नाही. कॉम्प्रेसर, रंग, म्यान सगळं डब्यात भरून ठेवलं. मामांच्या बागेतल्या शेडला रविवारी जायचं ठरलं.

२८ सप्टेंबर, रविवार

बागेतली शेड. तीन बाजूंनी उघडी, वर पत्रा, औषधांचे ड्रम, बोर्डो या फवारणीच्या औषधाच्या निळ्या डागांनी भरलेली फरशी. वारा फवारा पळवत होता, म्हणून मोठ्या खोक्याच्या तीन बाजू उभ्या करून आडोसा केला.

नळीत पाणी धरू नये म्हणून तीन गोष्टी केल्या. मुठीजवळ नवा फिल्टर. नळी कॉम्प्रेसरकडे उतरती टांगली, म्हणजे पाणी मागे बाटलीत जातं. आणि दर दहा मिनिटांनी कॉम्प्रेसर बंद करून गार होऊ दिला. मध्ये मध्ये फवारा आधी वर्तमानपत्रावर सोडून पाहिला. दोनदा तिथेच थुंकला, म्यानावर एकदाही नाही.

एकूण नऊ फेऱ्या. कडा, शिलाईची बाजू, टोक आणि पट्ट्याचा घेर गडद. पात्याचा उठाव मधाळ. सुईच्या टोकाशी रंग सुकून साठतो आणि मग एकदम सुटतो, म्हणून दर फेरीनंतर टोक आयपीएच्या बोळ्याने टिपून घेतलं.

शिलाईचा पांढरा दोरा तपकिरी झाला. आधी रंग आणि मग शिलाई असं केलं असतं तर दोरा उठून दिसला असता. पण मग ओलं करून घडवताना रंग सुटला असता. पुढच्या वेळी काळाच दोरा घेणार.

मामा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “आमच्या ब्लोअरवानीच हाय की. लांबनं मारलं तर वाऱ्यावर, जवळनं मारलं तर पान गळतं.” ब्लोअर म्हणजे त्यांचं बागेत औषध फवारायचं यंत्र. मला तीन आठवडे लागले ते कळायला.

२९ सप्टेंबर, सोमवार

वाळल्यावर गडद भागावर हिरवट-सोनेरी झाक दिसली. चामड्यात न मुरलेली रंगाची भुकटी वर बसते तेव्हा असं होतं. कोरड्या सुती कापडाने घासत राहिले. पहिलं कापड पूर्ण तपकिरी, दुसरं निम्मं, तिसऱ्यावर पुसट डाग, चौथं जवळजवळ स्वच्छ. मामा पांढऱ्या लेंग्याशिवाय बागेत जात नाहीत, त्यामुळे ही परीक्षा मी सोडणार नव्हते. ओल्या पांढऱ्या फडक्याने वीस वेळा घासून पाहिलं. पट्ट्याच्या घेराच्या मागे अजून रंग सुटत होता. तिथे आयपीएचा हलका हात, पुन्हा वाळवणं, पुन्हा घासणं.

मग चामड्याच्या तेलाचा एकच पातळ हात आतून-बाहेरून. रंग लगेच गडद झाला आणि मला वाटलं छटा गेली. सकाळपर्यंत तेल पसरल्यावर परत आली. कडा पाणी लावून लाकडी घोटणीने काचेसारख्या होईपर्यंत घोटल्या. शेवटी मधमाशीचं मेण आणि तेल गरम पाण्याच्या भांड्यात एकत्र वितळवून दोन हात चोळले. मेणानंतर ओल्या फडक्यावर काहीच आलं नाही.

आजवरचा खर्च: चामडं ७६०, एअरब्रश आणि कॉम्प्रेसर ५,२००, रंग २,३००, आयपीए २८०, सुई ३५०, फिल्टर ३००, मास्कचे कार्ट्रिज ६००, रिव्हेट वगैरे ११०. एकूण ९,९०० रुपये. दोरा, मेण, तेल, हत्यारं घरात होती. एका म्यानाचा हा हिशेब परवडणारा नाही. एअरब्रश पुढे वापरायचा असेल तरच घ्या. वेळ साधारण ३३ तास, त्यातले दहा तरी चुका निस्तरण्यात.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. मामांनी कोयता, विळे, टिकाव, फवारणी पंप आणि छाटणीच्या सगळ्या कात्र्या धुऊन ओसरीवर मांडल्या. म्यान मध्ये, त्यात त्यांची कात्री. मामींनी झेंडूचं फूल ठेवलं आणि हळद-कुंकवाचं ओलं बोट म्यानाच्या मधल्या फिकट भागावर टेकवलं. मेण असूनही पिवळसर खूण राहिली आहे. ती काढणार नाही.

मामांनी ते पट्ट्यात घातलं, डोळे वर मांडवाकडे ठेवून दहा-बारा वेळा कात्री काढली आणि घातली. काहीच बोलले नाहीत. मग पट्टा न काढताच जेवायला बसले.

१२ ऑक्टोबर, रविवार

छाटणी ३ तारखेला सुरू झाली. नऊ दिवसांनंतर म्यान तपासायला घेतलं.

तोंडाच्या आतल्या कडेला, जिथे मूठ टेकते, गडद थर पूर्ण गेला आहे. खाली मधाळ तपकिरी दिसतं, पांढरं कुठेच नाही. पात्याच्या उठावावर दोन खोल ओरखडे, तेही तपकिरीच. शिलाई शाबूत. लेंग्यावर डाग नाही. मामींनी स्वतः सांगितलं.

एक चूक निघाली. टोकाला पाणी जायला ५ मिमीचं भोक ठेवलं होतं, ते काडीच्या तुकड्यांनी आणि मातीने दोन दिवसांत बुजलं. मंगळवारच्या सरीत म्यानात पाणी साचलं, पात्याला गंज धरला आणि आतल्या चामड्यावर काळा पट्टा उमटला. आतून आहे म्हणून तो तसाच ठेवलाय. भोक ८ मिमीचं करून दिलं.

बागेत छाटणी करणाऱ्या दोघांनी म्यान मागितलंय. चामडं शिल्लक आहे, दोघांच्या कात्र्यांची मापं घेतली. एक जण डावखुरा आहे, त्याचा साचा उलटा काढावा लागेल.